शंभर रुपयांची कपात

चपला हातात घ्या आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडा. मालवणच्या किनाऱ्यावर तुम्ही पोटरीभर पाण्यात उभे आहात आणि समोर पडाव हेलकावे खातोय. खलाशी हात पुढे करेल, तो घट्ट धरायचा आणि लाट वर येताच पाय आत टाकायचा. फार विचार करत बसू नका, तुमच्या मागे बोचकं डोक्यावर घेतलेली एक आजी आहे आणि तिला थांबायला वेळ नाही. बसलात? आता सरका. अजून सरका. या पडावात माणसं मोजून भरत नाहीत. कुणाची कोंबडी तुमच्या मांडीला टेकलीय, ती तशीच राहू द्या. एका बाजूला सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट उन्हात तापलाय आणि पुढे खोल पाण्यात मुंबईची बोट नांगर टाकून तुमची वाट बघतेय.

साल सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं आहे, महिना फाल्गुनाचा. तुम्हाला दिल्लीला जायचंय. संसदेत रेल्वेच्या अंदाजपत्रकावर चर्चा चालू आहे आणि तुमच्या भागाचा खासदार तिथे उभा राहून बोलणार आहे. तुम्हाला ते वरच्या गॅलरीत बसून ऐकायचंय. विमानाचा विचारही करू नका, पैसे कुठे आहेत? आणि रेल्वे म्हणाल, तर अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात (तुमचं मालवण, वेंगुर्लं, सावंतवाडी अजून याच जिल्ह्यात मोडतं) रुळाचा एक तुकडा नाही. म्हणून बोट.

पडाव बोटीच्या अंगाला लागतो. आता लोखंडी शिडी. पडाव खाली जातो तेव्हा शिडी वर राहते, पडाव वर येतो तेव्हा शिडी गुडघ्याला आपटते. वरून एक हात येतो, खालून कुणीतरी ढकलतं आणि तुम्ही डेकवर येऊन पडता. लगेच वळकटी पसरा. पसरलेली वळकटी म्हणजे तुमची जागा, पुढच्या सबंध रात्रीपुरती. जरा उशीर केलात तर इंजिनाच्या भिंतीजवळ बसावं लागेल आणि ती भिंत तव्याइतकी तापते.

वास येतोय ना? डिझेल, सुका बांगडा, ओला दोर, कुणाच्या तरी डब्यातलं लसणीचं तिखट आणि या सगळ्याखाली एक आंबट वास. तो कशाचा हे तुम्हाला विजयदुर्ग मागे पडल्यावर कळेल. तिथे बोट जराशी कलते, मग दुसऱ्या बाजूला कलते, आणि तुमच्या पोटातला सकाळचा घावणा जागा होतो. डोकं जड, तोंडाला पाणी, हातपाय गार. तुम्हाला बोट लागली. शेजारची बाई एका नजरेत ओळखते.

‘‘लिंबू घे रे, वास घेत ऱ्हव. आणि भायर वाऱ्यार बस, बरा वाटतला.’’

तुम्ही कठड्याशी जाता. तिथे आधीच एक रांग आहे, सगळे समुद्राकडे तोंड करून. रांगेतला एक जण परळच्या गिरणीत कामाला आहे. शिमग्याला गावी आला होता, आता पाळीवर हजर व्हायचंय. तोंड पुसून तो म्हणतो, ‘‘रेल येतली म्हणतत. माझो बापूसय ह्याच सांगी.’’ त्याच्या बोलण्यात कडवटपणा नाही. पाऊस येणार म्हणावं तसं तो ते म्हणतो.

अंधार पडला की कंदिलासारखे पिवळे दिवे लागतात आणि डेकवर भजन सुरू होतं. टाळ नाही, तर डबा वाजवतात. मुलं आयांच्या कुशीत झोपतात. म्हातारी माणसं मात्र जागी राहतात, मुंबई जवळ येईल तशी जास्तच. त्यांच्यातल्या कुणाला ‘रामदास’बद्दल विचारू नका. १९४७च्या आषाढात ती बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि पोहोचलीच नाही. सहाशेहून अधिक माणसं गेली. या डेकवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येक घराला ती गोष्ट ठाऊक आहे, तरी लोक चढतात, कारण गावाहून मुंबईला पोचायचं तर बोट किंवा खडखडत जाणारी एसटी, एवढंच आहे. पावसाळ्यात बोटही बंद. आकाश भरून आलं की समुद्राचा रस्ता मिटतो, घाटात दरड कोसळली की जमिनीचाही मिटतो, आणि मुंबईतला मुलगा आजारी बापाची तार हातात धरून नुसता बसून राहतो.

पहाटे भाऊचा धक्का. पाय जमिनीवर टेकले तरी जमीन हलतेच आहे, अर्धा दिवस हलेल. हमाल अंगावर धावून येतात, मासळीच्या पाट्यांमधून वाट काढत तुम्ही बाहेर पडता. आजचा दिवस लालबागच्या गाळ्यावर काढायचा. एका गावची पंचवीस-तीस माणसं एका खोलीत राहतात. दिवसपाळीची उठली की रात्रपाळीची त्याच चटईवर अंग टाकतात. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीवरचा एक खिळा आणि खानावळीत एक खातं. ट्रंकेच्या झाकणाला आतून मनीऑर्डरच्या पावत्या चिकटवलेल्या असतात. कोकणातल्या चुली या पावत्यांवर पेटतात. उद्या ज्याला ‘मागास भागाचा प्रश्न’ म्हणून दिल्लीत ऐकाल, तो इथे खिळ्यावर टांगलेल्या सदऱ्यांत बघून घ्या.

संध्याकाळी व्हीटीवरून पंजाब मेल. तिसरा वर्ग.

तिसऱ्या वर्गाच्या बाकाबद्दल नीट सांगायला हवं, कारण पुढचा एक दिवस आणि वर काही तास तुमचा सगळा संसार तोच आहे. लाकडी पट्ट्यांचं बाक. पट्ट्यांमध्ये फटी, फटीत भुईमुगाची टरफलं आणि ढेकूण. इगतपुरीपर्यंत तुम्ही ताठ बसता. भुसावळला एका कुशीवर. इटारसीला दुसऱ्या. झाशीच्या आसपास मांड्यांवर पट्ट्यांचे वळ उठलेले असतात आणि डोळे मिटूनही तुम्ही सांगू शकता, कुठली पट्टी कुठे संपते. खिडकीतून धूळ येते, इंजिनाची काजळी येते, केळीवाल्याचा हात येतो. नाकपुड्या काळ्या होतात. स्टेशनावर कुल्हडातला चहा घ्याल तेव्हा त्याला मातीचा आणि तुमच्या बोटांना कोळशाचा वास येईल.

पण कसारा घाट चढताना उठून दाराशी या, दांडी पकडून बाहेर बघा. दोन्ही बाजूंना कडा, खाली दरी, मागून बँकर इंजिनाचा जोर. बोर घाट आणि हा थळ घाट रेल्वेनं १८६०च्या दशकातच पार केले, सुरुंग आणि पहारी एवढ्याच बळावर. हे डोळ्यांत साठवून ठेवा. कोकणची जमीन अवघड, नद्या फार, डोंगर फार, खर्च फार, हे उत्तर दिल्लीत कितीदा तरी दिलं गेलंय. तेव्हा हा घाट आठवायचा.

दिल्ली. सकाळची हवा तुमच्या पातळ सदऱ्याला मानवत नाही. काटेसावरी लाल फुललेल्या, रस्ते रुंद, सायकलींचा पूर. संसदेच्या त्या गोल इमारतीपाशी येता तेव्हा तुम्ही फार लहान वाटता. लाल दगडाचा पाया, वर पिवळसर खांबांची रांग. पास काढा. नाव, बापाचं नाव, मुक्काम. पिशवी दाराशी ठेवा, छत्री ठेवा, बोटीवरच्या बाईनं दिलेलं लिंबूही ठेवा. जिना चढा. आता बोलायचं नाही, वाकून बघायचं नाही, टाळी वाजवायची नाही.

आत गार आहे. तीन दिवसांच्या आवाजानंतर कान एकदम रिकामे होतात. खाली हिरवा गालिचा, हिरवी बाकं अर्धवर्तुळात. मध्ये उंचावर अध्यक्षांचं आसन. त्याखालच्या टेबलाशी लघुलेखक लिहितात. काही मिनिटं झाली की एक उठतो आणि दुसरा बसतो, पेन्सिल थांबत नाही. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सरकार पक्ष, डाव्या हाताला विरोधक. या काळात रेल्वेचं अंदाजपत्रक सर्वसाधारण अंदाजपत्रकाहून वेगळं मांडायची रीत आहे, १९२०च्या दशकापासूनची, त्यामुळे हे दिवस फक्त रुळांचे. आकडे चालू आहेत. वॅगन, कोळसा, मालभाडं, भांडवल. अर्धी बाकं रिकामी. दुपारचं जेवण होऊन गेलंय आणि मागच्या रांगेत एक सभासद हनुवटी छातीला टेकवून बसलेत.

मग अध्यक्ष नाव पुकारतात. प्रोफेसर मधु दंडवते.

डावीकडून चष्म्यातला एक माणूस उठतो. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. ते राजापूरचे खासदार, म्हणजे तुमचे. त्यांच्या आधी तुमच्या वतीनं इथे बॅरिस्टर नाथ पै बोलत. वेंगुर्ल्याचा तो वक्ता उभा राहिला की बाहेर लॉबीत गेलेले सभासद आत येत, असं म्हातारी माणसं सांगतात. १९७१च्या जानेवारीत नाथ पै गेले तेव्हा कोकणाचा आवाजच गेला असं लोकांना वाटलं होतं. त्या जागी उभं राहणं सोपं नाही. दंडवते नाथ पैंसारखे बोलत नाहीत. ते वर्गात फळ्यासमोर उभे असल्यासारखे बोलतात, एक पायरी झाली की दुसरी. त्यांचे नेमके शब्द तुमच्या लक्षात राहणार नाहीत, कारण तुम्ही आता गॅलरीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून बसला आहात. मुद्दा मात्र राहील, आणि तो कोकणानं पिढ्यानपिढ्या मांडलेला मुद्दा आहे.

रेल्वेला आपल्या भांडवलावर सरकारी तिजोरीत लाभांश भरावा लागतो. म्हणून नवा मार्ग घालण्याआधी विचारलं जातं, त्यावरून माल किती जाईल, पैसे किती सुटतील. कोकणाकडे बोट दाखवून सांगतात, तिथे कारखाने कुठेत? माल कुठाय? उत्पन्न कुठून येणार? आणि कारखानदाराला विचारलं की तो म्हणतो, तिथे रेल्वे कुठाय? हे असं गोल फिरत राहिलं तर ज्या भागाकडे आधीच आहे त्यालाच रूळ मिळतील आणि ज्याच्याकडे नाही तो मनीऑर्डरीवर जगत राहील. रेल्वे आधी, माल मागून. आंबा ट्रकच्या धक्क्यांनी पेटीतच काळा पडतो, मासळी बर्फ वितळायच्या आत बाजार गाठत नाही, काजू आहे, लाकूड आहे, खनिज आहे. आणि माणसं आहेत. मुंबईच्या गिरण्या, गोद्या, छापखाने ज्यांनी चालवले ती माणसं गणपतीला घरी जायला निघतात तेव्हा बोट बंद असते. त्यांचं तिकीट उत्पन्नाच्या कुठल्या रकान्यात धरलं गेलं?

आपट्यापाशी रूळ येऊन थांबलाय. तो पुढे रोहा, रत्नागिरी, सावंतवाडी करत गोव्यातून मंगळूरला न्या, एवढंच मागणं. एकाहून अधिक राज्यांना जोडणारा मार्ग आहे तो. एका जिल्ह्याची भीक नव्हे.

तुमचा हात टाळीसाठी उचलला जातो. पहारेकऱ्याची नजर. हात खाली.

विरोधी सभासदाच्या हातात काय असतं, हे इथे कळतं. सरकार त्याचं नाही, फाइल त्याची नाही, मंत्र्यांच्या खोलीचं दार त्याच्यासाठी आपोआप उघडत नाही. त्याच्या हातात काही मिनिटं असतात आणि एक कपात सूचना. सरकारनं मांडलेल्या खर्चाच्या मागणीतून शंभर रुपये कमी करावेत, अशी. शंभर रुपये! कोट्यवधींच्या अंदाजपत्रकातून. ही सूचना पैसे वाचवण्यासाठी नसतेच. नियमच तसा आहे: एखादं विशिष्ट गाऱ्हाणं सभागृहापुढे आणायचं तर शंभर रुपयांची कपात मागायची, म्हणजे मंत्र्यांना त्या गाऱ्हाण्याचं उत्तर देणं भाग पडतं. मला संसदेच्या सगळ्या रीतींमध्ये ही सर्वांत आवडते. राज्याचा सगळा पसारा एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला शंभराच्या एका नोटेएवढं गाऱ्हाणं, पण ते कागदावर येतं, छापलं जातं, आणि कुणाला ते खोडता येत नाही.

घंटा वाजते. वेळ संपत आली. दंडवते अजून एक वाक्य पुरं करतात, अजून एक. पुन्हा घंटा.

आता तुम्हाला फार मोह होईल. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, तुम्हाला ठाऊक आहे. गॅलरीतून ओरडून सांगावंसं वाटेल की प्रोफेसर, होणार आहे! १९९०मध्ये तुम्ही अर्थमंत्री असाल, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असतील आणि कोकण रेल्वे महामंडळ उभं राहील. भांडवलात ५१ टक्के वाटा रेल्वेचा, उरलेला महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळचा. ई. श्रीधरन नावाचे इंजिनियर सह्याद्रीतून बोगदे काढतील, करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. ओरडू नका. कारण मग हेही सांगावं लागेल की रोह्यापर्यंत गाडी यायलाच १९८६ उजाडेल आणि सबंध मार्ग १९९८च्या प्रजासत्ताकदिनी खुला होईल. बोटीवरच्या त्या गिरणीवाल्याची गिरणी तोवर बंद पडलेली असेल.

दंडवते बसतात. तुम्हाला वाटतं, आपलं काम झालं, उठावं. उठू नका.

पुढचा सभासद उठतो, तो आसामचा. त्याच्याकडे मीटरगेज आहे, आणि पुरात दरवर्षी वाहून जाणारे पूल. मग ओरिसाचा एक. मग राजस्थानातला, ज्याच्या गावाला गाडी आठवड्यातून मोजक्या वेळा पाण्याची टाकी घेऊन येते. मग बिहारचा, मग हिमाचलचा. प्रत्येकाच्या हातात कागद, प्रत्येकाच्या तोंडी गावांची नावं, जी तुम्ही कधी ऐकली नाहीत. सकाळी तुम्हाला ही बडबड वाटली असती. पण तुमच्या मांडीवर पट्ट्यांचे वळ आहेत, पोटात अजून बोट हलतेय, आणि त्यामुळे प्रत्येक नावामागे तुम्हाला एक पडाव दिसायला लागतो, एक शिडी, बोचकं घेतलेली एक आजी. प्रादेशिक मागणी म्हणजे संकुचितपणा, असं म्हणणाऱ्यांना इथे आणून बसवायला हवं, पण आधी त्या बाकावरून प्रवास करवून. आपल्या गावाचं दुखणं ज्यानं मन लावून मांडलं नाही, त्याला दुसऱ्याच्या गावाचं कळेल कसं? या सभागृहात देश वेगळा कुठे ठेवलेला नाही. तो या कागदांच्या बेरजेतूनच तयार होतो.

संध्याकाळी मंत्री उत्तर देतात. सहानुभूती आहे. पैशांची अडचण आहे. विचार चालू आहे. मग मतं. बाजूनं ‘होय’चा एक पातळ आवाज, विरोधात ‘नाही’चा जाड. कपात सूचना फेटाळली. तेवढ्यात संपतं, तुम्हाला शिंक येऊन जाईल इतक्या वेळात. दंडवते कागद आवरतात, शेजारच्याशी काहीतरी बोलतात, आणि पुढच्या मागणीचे कागद उघडतात. चेहऱ्यावर हरल्याची खूण शोधत बसू नका, ती नाही. ते पुढच्या वर्षी हेच घेऊन पुन्हा उभे राहणार आहेत.

परतीला पुन्हा पंजाब मेल, पुन्हा तेच बाक. समोर मुरैन्याचा एक शेतकरी बसलाय, त्याची म्हातारी आई खाली वर्तमानपत्र अंथरून झोपलीय, कारण पट्ट्यांवर तिची हाडं टोचतात. तो विचारतो, दिल्लीत काय काम होतं? तुम्ही सांगता. रूळ मागायला आमचा माणूस उभा होता, ऐकायला गेलो होतो. मिळाला? नाही. तो मान हलवतो आणि तुमच्या पुढ्यात चण्याची पुडी सरकवतो.

त्याला कोकण ठाऊक नाही, राजापूर ठाऊक नाही, दंडवते हे नावही त्यानं ऐकलेलं नाही. काही वर्षांतच १९७७ येईल. विरोधी बाकावरचा तोच प्राध्यापक रेल्वेमंत्री होईल आणि दुसऱ्या वर्गाच्या (तोवर तिसरा वर्ग जाऊन त्याचाच दुसरा झालेला असेल) लाकडी बाकांवर दोन इंच फोम घालायला लावेल. कोकणात तेव्हा गाडीच नसेल, त्यामुळे राजापूरच्या मतदारांना त्यांच्या स्वतःच्या मुलखात त्या फोमचा काही उपयोग व्हायचा नाही. तो मुरैन्याच्या या म्हातारीसाठी असेल. आत्ता मात्र भोपाळ यायला पुष्कळ वेळ आहे, तिला ऊठ म्हणू नका, पाय थोडे आखडून घ्या.